पोर्तुगालच्या खालच्या लीगचा अख्खा सीझन फॉलो कसा करायचा, खान्देशात बसून

रोनाल्डोमुळे पोर्तुगालची जर्सी आपल्याकडे कुठेही दिसते, जळगावच्या फुले मार्केटात दिसते, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांच्या अंगावर दिसते, पण तिथली लीग बघतो का विचारलं तर बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग ही तीन नावं येतात आणि विषय संपतो. वरच्या लीगचा इतिहासच तसा आहे, आजपर्यंत चॅम्पियन झालेले क्लब फक्त पाच, हे तीन, मग 1945-46 ला बेलेनेन्सेस आणि 2000-01 ला बोआविश्ता. म्हणजे वर कोण जिंकणार ते बहुतेक तीन नावांतच फिरतं. खरा जीव खाली आहे भो. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पातळीवर. ग्रुपमधली पोरं सारखी विचारतात की हे बघायचं कसं, कुठून सुरू करायचं, टेबल कळत नाही, टाइम कळत नाही, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

आधी पायऱ्या समजून घ्या, त्याशिवाय पुढचं काही डोक्यात बसणार नाही. सगळ्यात वर प्रिमेरा लीगा, 18 क्लब. तिच्याखाली लीगा पोर्तुगाल 2, तिथेही 18 क्लब आणि 34 राउंड. ह्या दोन्ही प्रोफेशनल. त्याखाली लीगा 3, ही 2021-22 ला सुरू झाली आणि ती पोर्तुगालचं फुटबॉल फेडरेशन चालवतं. तिच्याखाली काम्पेओनातो दे पोर्तुगाल, जी लीगा 3 यायच्या आधी तिसरी पातळी होती आणि आता चौथी आहे. आणि त्याच्या खाली जिल्हा असोसिएशनच्या लीगा, अशा 22 असोसिएशन आहेत, 18 मुख्य भूमीवर, एक मदेराची आणि तीन अझोर्स बेटांच्या. जुने रेकॉर्ड वाचताना गोंधळ होतो तो इथेच, 2019 च्या बातमीत काम्पेओनातो म्हणजे तिसरी पातळी आणि 2023 च्या बातमीत चौथी, आणि 2013 च्या आधीचं वाचत असाल तर तिथे सेगुंडा डिव्हिजाओ बे आणि तेर्सेरा डिव्हिजाओ अशी वेगळीच नावं सापडतील, त्या दोन्ही मोडून 2013-14 ला ही काम्पेओनातो उभी केली. म्हणून कुठलीही बातमी किंवा टेबल उघडलं की आधी साल बघायचं.

पहिल्यांदा बघत असाल तर लीगा 3 घ्या, माझं स्पष्ट मत आहे. लीगा पोर्तुगाल 2 चांगलीच आहे पण तिचा साचा वरच्या लीगसारखाच सरळ आहे, आणि काम्पेओनातोत 14-14 क्लबच्या चार सिरीज म्हणजे 56 क्लब, नवीन माणूस त्यात हरवतो. लीगा 3 मध्ये 20 क्लब, उत्तरेकडच्या 10 ची सिरीज ए आणि दक्षिणेकडच्या 10 ची सिरीज बी. अशी विभागणी का, तर प्रवासाचा खर्च. पूर्ण देश उत्तर-दक्षिण जेमतेम साडेपाचशे किलोमीटर, जळगावहून मुंबई चारशेच्या वर आहे त्यावरून अंदाज घ्या, तरीसुद्धा ह्या क्लबांना प्रत्येक बसचा, प्रत्येक जेवणाचा हिशोब करावा लागतो, गेट कलेक्शन थोडंच असतं. बेटांवरच्या क्लबांचं तर विमानाशिवाय भागत नाही, मदेरा लिस्बनपासून हजारेक किलोमीटर समुद्रात आहे आणि अझोर्स त्याहून लांब.

आता मुख्य गोष्ट, आणि ही समजली की बाकी सगळं आपोआप लागतं. खालच्या लीगमध्ये टेबल वरून खाली वाचायचं नसतं, टेबलावरच्या रेषा शोधायच्या असतात. वरच्या लीगमध्ये आपण पहिला कोण ते बघतो. लीगा 3 च्या पहिल्या टप्प्यात पहिला कोण ह्याला तसं फार वजन नाही, तिथे चौथा आणि पाचवा ह्यांच्या मधली रेषा सगळ्यात मोठी. प्रत्येक सिरीजमध्ये 18 मॅच होतात, वरचे चार पुढे प्रमोशनच्या गटात जातात, दोन्ही सिरीजचे मिळून आठ, आणि खालचे सहा खालच्या लीगमध्ये न घसरता टिकण्यासाठीच्या गटात. म्हणजे जो पाचवा आला त्याचं ह्या वर्षी वर जायचं स्वप्न साधारण जानेवारी-फेब्रुवारीतच संपलं, आणि जो चौथा आला, भले तो पहिल्यापेक्षा बारा पॉइंट मागे असेल, त्याला परत सगळी संधी. मग आठ जणांचा गट, 14 मॅच, वरचे दोन सरळ लीगा पोर्तुगाल 2 मध्ये, आणि तिसऱ्याला लीगा पोर्तुगाल 2 च्या सोळाव्या क्लबशी दोन मॅचची प्ले-ऑफ. म्हणजे ह्या गटात दोन रेषा, एक दुसऱ्याखाली आणि एक तिसऱ्याखाली. मी वहीत टेबल उतरवतो तेव्हा ह्या रेषा लाल पेनाने आखतो आणि मगच क्लबांची नावं लिहितो.

हा साचा गेल्या काही सीझनचा आहे, आणि फेडरेशन तो बदलत असतं, सुरुवातीला तर लीगा 3 मध्ये 24 क्लब होते. म्हणून दर उन्हाळ्यात पहिलं काम हे की त्या सीझनचं नियमपत्रक फेडरेशनच्या साइटवरून उघडायचं, पोर्तुगीज येत नसली तरी ट्रान्सलेटमध्ये टाकलं की काम भागतं, आणि त्यात चारच गोष्टी शोधायच्या, किती क्लब, किती जण पुढे, दुसऱ्या टप्प्यात मागचे पॉइंट सोबत येतात की शून्यापासून सुरू, आणि बरोबरी झाली तर काय. बाकी पानं सोडली तरी चालतील.

बरोबरीचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे भलेभले फसतात. आपल्याला इंग्लिश लीगची सवय, पॉइंट सारखे झाले की गोल डिफरन्स, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल. पोर्तुगालमध्ये सीझनचा अंतिम हिशोब करताना आधी त्या दोन क्लबांच्या आपापसातल्या मॅच बघतात. समजा दोन क्लब 29 वर अडकले, एकाचा गोल डिफरन्स प्लस 12 आणि दुसऱ्याचा प्लस 3, पण प्लस 3 वाल्याने घरी 1-0 जिंकलं होतं आणि बाहेर 0-0 केलं होतं, तर तोच वर. म्हणून ऑक्टोबरमधली एखादी कंटाळवाणी वाटणारी 1-0 मॅच जानेवारीत जाऊन कोणाचं तरी वर्ष ठरवते. वहीत एक पान फक्त ह्याच्यासाठी ठेवा, आपला क्लब आणि रेषेच्या आसपासचे तीन-चार क्लब, त्यांच्या एकमेकांतल्या मॅचचे स्कोअर. शेवटच्या दोन राउंडला ह्या एका पानावरून तुम्हाला कळेल की ड्रॉ पुरेल का जिंकावंच लागेल, आणि ते कळलं की मॅच बघायची नजरच बदलते.

टेबलाच्या वरची अक्षरं एकदा पाठ करून टाका. जे म्हणजे झालेल्या मॅच, व्ही म्हणजे विजय, ई म्हणजे बरोबरी, डी म्हणजे हार. ह्या डी कडे लक्ष ठेवा, इंग्लिश टेबलात डी म्हणजे ड्रॉ असतो, इथे हार आहे, उलटं वाचलं तर सगळा हिशोब चुकतो. पुढे जीएम केलेले गोल, जीएस खाल्लेले गोल. जोर्नाडा म्हणजे राउंड, सुबिदा म्हणजे वर जाणं, देसिदा म्हणजे खाली जाणं, मानुतेन्साओ म्हणजे आहे तिथे टिकणं, आदियादो दिसलं की मॅच पुढे ढकललेली. एवढ्यावर अख्खा सीझन निघतो. आकड्यांसाठी झिरोझिरो ही पोर्तुगीज साइट सगळ्यात भरवशाची, तिथे जिल्हा लीगपर्यंतचे स्कोअर, जुने सीझन, खेळाडूंच्या नोंदी सगळं मिळतं. बातमीसाठी आ बोला, रेकॉर्ड आणि ओ जोगो हे तीन स्पोर्ट्सचे पेपर, पण त्यांचं बहुतेक लक्ष मोठ्या तिघांवर असतं, तुमच्या क्लबची बातमी त्याच्या स्वतःच्या फेसबुक पेजवर किंवा गावच्या पेपरात लवकर येते.

क्लब कसा निवडायचा. नाव मोठं बघून निवडू नका, गाव बघून, त्या क्लबची गोष्ट बघून निवडा. अकादेमिका घ्या, कोइम्ब्रा म्हणजे विद्यापीठाचं गाव, 1939 ला पोर्तुगालचा पहिला कप (लीगपेक्षा वेगळी, सगळ्या पातळ्यांच्या क्लबांची नॉक-आउट स्पर्धा) ह्यांनीच जिंकला, परत 2012 ला जिंकला, आणि 2022 ला तिसऱ्या पातळीवर घसरले. काल्दास घ्या, काल्दास दा राइन्या नावाच्या लहान शहरातला क्लब, 2017-18 ला तिसऱ्या पातळीवर असताना कपच्या सेमीफायनलपर्यंत गेला. उनियाओ दे लेइरिया घ्या, पुढे जगभर नाव कमावलेला कोच मोरिन्यो पोर्तोला जायच्या आधी ह्यांच्याकडे होता, आणि ह्याच क्लबने 2012 मध्ये पगार थकले म्हणून खेळाडू सोडून गेल्यावर पहिल्या लीगची मॅच आठ जणांना घेऊन खेळली. आठ जण! त्यानंतर खाली गेले ते गेलेच, आणि 2023 ला लीगा 3 जिंकून परत दुसऱ्या पातळीवर आले. क्लब निवडायच्या आधी ह्या सीझनला तो कुठल्या पातळीवर आहे ते तेवढं तपासा, हे क्लब दरवर्षी हलतात.

बेलेनेन्सेसची गोष्ट मात्र प्रत्येकाने वाचावी कारण तिच्यातून खालच्या लीगचा निम्मा अभ्यास होतो. तिकडे क्लब आणि फुटबॉल चालवणारी कंपनी ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, कंपनीला साड म्हणतात, प्रोफेशनल लीगमध्ये खेळायचं तर अशी कंपनी लागतेच. बेलेनेन्सेस 1919 चा क्लब, 2018 मध्ये क्लबचं आणि कंपनीचं फाटलं, कंपनी प्रोफेशनल खेळाडूंसकट पहिल्या लीगमध्ये राहिली आणि मूळ क्लबने आपल्या रेस्टेलो मैदानावर नवीन टीम उभी करून लिस्बन जिल्ह्याच्या तळाच्या डिव्हिजनपासून सुरुवात केली. लोक क्लबसोबत गेले. वर्षामागून वर्ष चढत 2023 ला ते लीगा पोर्तुगाल 2 मध्ये पोचले, आणि त्याच उन्हाळ्यात ती कंपनीची टीम, बी-साड म्हणत तिला, प्ले-ऑफमध्ये विलावेर्देन्सेकडून हरून त्याच लीगमधून खाली पडली. पुढच्याच वर्षी बेलेनेन्सेस परत लीगा 3 मध्ये आले ही गोष्ट वेगळी, पण ती पाच वर्षं ज्यांनी जिल्हा लीगपासून फॉलो केली त्यांच्याकडे जे आहे ते चॅम्पियन्स लीग बघणाऱ्याला मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

टाइमचं आता. हे आपल्यासाठी फार सोयीचं आहे, स्पेनच्या रात्रीच्या मॅचसारखं दीडपर्यंत जागावं लागत नाही. थंडीत पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेचार तास. खालच्या लीगच्या बऱ्याच मॅच रविवारी दुपारी तीनला असतात, म्हणजे थंडीत आपल्याकडे रात्री साडेआठ आणि बाकी दिवसांत साडेसात. सकाळी अकराची मॅच असेल तर थंडीत दुपारी साडेचार. घड्याळ दोनदा बदलतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि दोन्ही रविवारी मॅच असू शकते, तेव्हा मोबाईलमध्ये रिमाइंडर लावताना ह्या दोन तारखा आधीच टाकून ठेवा. अझोर्समधली मॅच असेल तर अजून एक तास पुढे धरा, बेटं लिस्बनच्या एक तास मागे आहेत, मदेराचं घड्याळ मात्र लिस्बनसारखंच.

आपल्या कॅलेंडरवर बसवायचं तर सोपं आहे, श्रावणातल्या कानबाईच्या आसपास सीझन सुरू होतो आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, उलटली की शेवटचे निकाल लागतात. मधे डिसेंबर-जानेवारीत भरीताचे दिवस आणि पहिल्या टप्प्याचे शेवटचे राउंड एकत्र येतात, रविवारी साडेआठला शेतात भरीत, कळण्याची भाकरी आणि मोबाईलवर चौथ्या-पाचव्याची मॅच, ह्यापेक्षा चांगला रविवार मला तरी माहीत नाही. रेंज नसेल तर स्कोअरवरच भागवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44 च्या वर असतो, घरात बसवत नाही, तेव्हा प्रमोशनच्या मॅच साडेसातला गच्चीवर.

बघायचं कुठे, तर फेडरेशनचं स्वतःचं चॅनेल आहे, कनाल 11, 2019 मध्ये सुरू झालं, लीगा 3 आणि काम्पेओनातोच्या मॅच तिथे असतात, काही इंटरनेटवर उघड्याही मिळतात. आपल्याकडून कोणती चालते ते शनिवारीच तपासून ठेवा, रविवारी साडेआठला शोधाशोध करत बसलं की पहिला हाफ जातो. कॅमेरा बऱ्याचदा एकच असतो, रिप्ले कमी, त्यामुळे गोल झाला की कोणी मारला ते लगेच कळत नाही, जर्सी नंबरची यादी क्लबच्या पेजवरून आधीच वहीत उतरवा. मैदान सिंथेटिक आहे की गवताचं तेही लिहून ठेवा, तिकडे पाऊस थंडीत पडतो आणि गवताच्या मैदानावर जानेवारीत बॉल चालत नाही, तेव्हा छान पासिंग करणारी टीम अचानक हरायला लागते आणि लांब बॉल मारणारी जिंकायला लागते, टेबल बघून हे कारण कधीच कळणार नाही.

वहीत प्रत्येक राउंडला मी फार लिहित नाही, तारीख, समोर कोण, स्कोअर, आपला नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे रेषेपासूनचं अंतर. आपला क्लब तिसरा असेल तर पाचव्यापेक्षा किती पुढे, सहावा असेल तर चौथ्यापासून किती मागे. हा एक आकडा राउंडमागून राउंड बघत गेलं की क्लब चढतोय का घसरतोय ते पेपरवाल्यांच्या आधी तुम्हाला कळतं. नंबर फसवतो, अंतर फसवत नाही.

बी टीमचा नियम लक्षात ठेवा नाहीतर शेवटी डोकं खाजवाल. मोठ्या क्लबांच्या बी टीम, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या फळीच्या टीम, खालच्या लीगमध्ये खेळतात, पण मुख्य टीम ज्या लीगमध्ये आहे तिथे बी टीमला जाता येत नाही, आणि कपमध्येही त्या नसतात. 2015-16 ला पोर्तो बी ने दुसरी लीग चक्क जिंकली आणि तरी वर गेले ते चावेस आणि फेरेन्से. लीगा 3 मधून बी टीम दुसऱ्या पातळीवर जाऊ शकते, 2025 ला स्पोर्टिंग बी लूरोझासोबत तशीच गेली. म्हणून लीगा पोर्तुगाल 2 च्या टेबलात वरची रेषा आखताना बी टीमचं नाव सोडून मोजायचं.

कपचा वीकएंड चुकवू नका, एवढं माझं ऐकाच. ह्या कपमध्ये, पोर्तुगीजमध्ये तासा दे पोर्तुगाल, जिल्ह्याच्या क्लबांपासून सगळे असतात, पहिल्या लीगचे क्लब तिसऱ्या राउंडला येतात, आणि नियम असा की त्या राउंडला ते खालच्या क्लबच्या गावात जाऊन खेळतात. ऑक्टोबर 2019 मध्ये तिसऱ्या पातळीवरच्या अल्वेर्काने स्पोर्टिंगला 2-0 हरवलं ते असंच. आणि त्याच अल्वेर्काला पुढे फॉलो केलं असतं तर, 2024 ला लीगा 3 मधून वर, 2025 ला दुसऱ्या लीगमधून थेट पहिल्या लीगमध्ये. 2002 ला लेशोएन्स तिसऱ्या पातळीवरून कपच्या फायनलला गेला, स्पोर्टिंगशी हरला, पण युरोपातल्या क्लबांच्या युएफा कपला खेळला. कपच्या आठवड्यानंतर लीगची मॅच असते तेव्हा पायात थकवा असतो, तो निकाल वहीत लिहिताना शेजारी कप असं लिहून ठेवा.

कोचवरही नजर ठेवा. रुबेन आमोरिम 2018-19 ला काझा पियाचा कोच होता, तेव्हा तिसरी पातळी, पुरेसं कोचिंग लायसन्स नाही म्हणून प्रकरण झालं आणि जानेवारी 2019 ला तो निघून गेला. काझा पियाने ती लीग तरीही जिंकली आणि 2022 ला पहिल्या लीगमध्ये पोचले. आमोरिमने 2021 ला स्पोर्टिंगला चॅम्पियन केलं, नंतर मँचेस्टर युनायटेड. असे कोच आत्ताही कुठल्यातरी सिंथेटिक मैदानावर उभे असतील, टीम गोल खाल्ल्यावर काय बदलते ते बघितलं की ओळखू येतात.

शेवटचा राउंड झाला म्हणजे सीझन संपला असं समजू नका. जून-जुलैमध्ये क्लबांच्या लायसन्सचं, म्हणजे लीगमध्ये खेळायच्या परवान्याचं, काम असतं, कोणाची देणी थकली, कोणाची कागदपत्रं पास झाली, आणि इथे मैदानावर कमावलेली जागा जाऊ शकते. 2020 मध्ये विटोरिया दे सेतुबाल पहिल्या लीगमध्ये टिकले होते, तरी लायसन्स नाकारलं आणि थेट तिसऱ्या पातळीवर. आवेस 2018 ला कप जिंकलेला क्लब, दोनच वर्षांत पैशांपायी कोसळला. त्याच 2020 ला कोविडमुळे काम्पेओनातो मधेच बंद केली आणि जास्त पॉइंट असलेले विझेला आणि अरौका दोघं वर पाठवले, आणि ते दोघंही पुढच्याच वर्षी पहिल्या लीगमध्ये गेले. म्हणून मे महिन्यात वही बंद करायची नाही, एक कोरं पान ठेवायचं, त्यावर वर जाणारे, खाली जाणारे, लायसन्स अडकलेले आणि जिल्ह्यांतून चढून आलेले नवीन चॅम्पियन लिहायचे, आणि जुलैमध्ये सिरीजची विभागणी जाहीर झाली की ह्याच पानावरून ए आणि बी आखायला घ्यायचं. लाल पेन आधीच आणून ठेवा.